ठिपक्यांचा कारखाना

३ मार्च, सकाळी ९
चित्र आणलं. कारखाना, तीन चिमण्या, धूर, खाली नदी. सगळं निव्वळ ठिपक्यांचं. दुकानदार म्हणाला, बारा फुटांवरून बघा, ठिपके मिसळून जातात. आमचा हॉल नऊ फूट. तीन फुटांनी काय बिघडतं?
सोमवारी सासरे येतायत. तीस वर्षं कारखान्यात फोरमन. मी काहीही केलं की फक्त 'हं' म्हणतात. एकोणीस वर्षं ऐकतोय. या वेळी 'वा' वदवून घेणारच.

५ मार्च
सोफा बाल्कनीत हलवला. एक फूट मिळाला. बायको म्हणाली, बाबा बसणार कुठे? कलेसमोर माणसाने उभंच राहावं.

६ मार्च
शेजारीणबाईंनी विचारलं, भिंतीला गोवर आला का? दार उघडं ठेवून त्यांना जिन्यात मागे मागे नेलं. दोन पायऱ्या घसरल्या. पण घसरताना चिमणी दिसली म्हणाल्या. अंतराचं महत्त्व सिद्ध.

१० मार्च, संध्याकाळ
सासरे आले. चित्रासमोर जेमतेम तीन फुटांवर थांबले आणि म्हणाले, वा! जावईबापू, मधल्या चिमणीचा धूर अगदी आमच्यासारखा!
बाथरूममध्ये जाऊन हसून आलो. नजर उपजतच असावी लागते.

रात्री १०.३०
बायको म्हणते, बाबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्याच्या ऑपरेशनसाठीच आलेत. मोतीबिंदू असून एवढं दिसतं, तर काढल्यावर किती दिसेल! मीच नेणार.

१४ मार्च
ऑपरेशन उत्तम. पट्टी चित्रासमोर सोडता येईल का, विचारलं. डॉक्टरांना कलेत रस नाही.

१५ मार्च
पट्टी निघाली. सासरे चित्रासमोर. म्हणाले, जावईबापू, काच पुसा, बुरशी चढलीय. काच नाहीये, म्हटलं. तर नखाने खरवडायला लागले. नदीतला एक ठिपका निघाला. मग 'हं'.

१७ मार्च
डॉक्टरांना फोन. काढलेला मोतीबिंदू परत बसवता येतो का, सहज विचारलं. फोन कट झाला. नेटवर्क खराब.
डाव्या डोळ्याचं पुढच्या आठवड्यात आहे. सासऱ्यांना म्हटलं, घाई कशाला?

१८ मार्च
सासऱ्यांना उजवा डोळा झाकून बघायला लावलं. म्हणाले, हो, असं छान दिसतं. मग डोळ्यावरचा हात काढून माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, मुलगी देताना तुम्हालाही लांबूनच पाहिलं होतं. छान वाटला होतात.
बायको स्वयंपाकघरात बराच वेळ हसत होती. सोफा आत घेतला.
'छान' म्हणाले, तेही दोनदा. नोंद असावी.