शिवणारीचं नाव माहीत नाही

८ डिसेंबर २०२५, सोमवार

आज ज्योत्स्नाअक्कांनी ते कपाट उघडलं!

दिवाळीपासून मी त्यांच्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला जाते. कपाट कायम बंद. आमच्या मैलूरमध्ये त्यावर काय काय बोलतात! 'अमेरिकेची सिस्टर करणी शिकून आली. कपाटात काळ्या बाहुल्या हायत.'

आहेतच की. पण कसल्या! काळ्या माणसांच्या बाहुल्या – चिंध्यांच्या, मोज्यांच्या, लाकडाच्या, चिनी मातीच्या. काही शंभर वर्षांच्या वर जुन्या. अक्का शिकागोत नर्स होत्या, तिथल्या जुन्या बाजारांतून एकेक जमवलेल्या.

मला काळी बाहुली म्हणजे लिंबामिरचीची बहीण तेवढी माहीत. ऑटोमागे टांगायची, नव्या घरावर उलटी लटकवायची. या तर नटलेल्या! एकीला फुलांचा फ्रॉक, एकीच्या कानात मण्यांचे डूल. आणि सरळ बघतात. मीच आधी नजर खाली केली.

१० डिसेंबर, बुधवार

पहिली बाहुली कुठून आली ते आज कळलं. वॉर्डात हॅटी नावाची एक म्हातारी काळी बाई होती. उशाशी मोज्याची बाहुली. तिच्या आजीनं, दुसऱ्यांच्या घरी राबून आल्यावर, उरलेल्या मोज्याची तिच्यासाठी शिवलेली. दुकानात तेव्हा बाहुल्या गोऱ्याच मिळायच्या. हॅटीनं अक्कांना विचारलं, "तुझी बाहुली कोणत्या रंगाची होती गं?"

अक्कांना बाहुलीच नव्हती.

हॅटी गेली तेव्हा बाहुली अक्कांना देऊन गेली. तिथून नाद लागला.

त्या बाहुलीचं तोंड पार झिजलंय. नाक नाही, ओठांचा लाल दोरा गेलेला. मला वाटलं उंदरांनी खाल्लं. अक्का म्हणाल्या, "मुके घेऊन झिजलंय ते."

सगळ्यात खालच्या खणात मात्र वेगळ्या बाहुल्या – जाड ओठ, बटबटीत डोळे, हसू यावं म्हणून मुद्दाम तशा बनवलेल्या. मी म्हटलं, या कशाला ठेवल्या? "त्या दुसऱ्यांनी बनवलेल्या. कुणी आपल्याला कसं बघितलं ते पण ठेवावं लागतं." आपल्याला म्हणाल्या. त्यांना नाही, आपल्याला.

१४ डिसेंबर, रविवार

ठरलं! तीन जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, विहाराच्या हॉलमध्ये बाहुल्यांचं प्रदर्शन. कल्पना माझी. अक्का आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, "चिठ्ठ्या तू लिहायच्या. मराठीत आणि कन्नडमध्ये."

लिहायला बसले. कोणत्या साली, कशाची, कुठे मिळाली – अक्कांना सगळं पाठ. शेवटची ओळ मात्र बहुतेक सगळ्यांची एकच. 'शिवणारी : नाव माहीत नाही.'

लिहून लिहून राग येतो. इतका बारीक टाका घालणाऱ्या बाईला नाव नको?

१७ डिसेंबर, बुधवार

विहार समितीचे राजपालकाका हॉल द्यायला कुरकुरतात. "पोरी, मी काय मानतो व्हय असलं? पर लोक! उद्या कुणी व्हिडिओ टाकला – बुद्धविहारात करणी! मग?"

अक्कांनी चहा पुढे केला. "राजपाल, तुमच्या गाडीच्या हँडलला काय बांधलंय?"

काका वाकून बाहेर, हँडलच्या लिंबूमिरचीकडे बघायला लागले. "ते... ते आमच्या हिनं बांधलंय."

हॉल मिळाला!

१९ डिसेंबर, शुक्रवार

एका बाहुलीची बाही उसवली होती, म्हणून घरी आणली. आईचा हात शिवणात चांगला. आई बांधकामावरून आली, डोक्याची चुंबळ काढली, बाहुली बघितली आणि थांबली.

"घरात कामून आणलीस?"

"बाही शिवून दे ना."

तिनं हातही लावला नाही. पाय धुतले, गॅस पेटवला, भाकरी थापायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "बाहेर ठिव तिला."

मला इतका राग आला! म्हटलं, बावीस प्रतिज्ञा तुला तोंडपाठ. घरात एक देव ठेवला नाही तू. आणि चिंध्यांच्या बाहुलीला घाबरतेस? मग आपण धर्म बदलला कशाला? मी शिकून उपयोग काय?

बाबा म्हणाले, "बास." आई भाकरी थापत राहिली.

बाही मीच शिवली. वाकडी झाली.

२१ डिसेंबर, रविवार

हे लिहू का नको कळत नाही. लिहिते.

कपडे वाळत घालताना आईनं सांगितलं. चिमटे तोंडात धरून, माझ्याकडे न बघता.

ती दहा-अकराची असेल. निंबर्ग्याहून तिचे आईवडील गुलबर्ग्याला कामाला आले होते. एका बंगल्यावर ही पण घमेली उचलायची. स्लॅब ओतायच्या दिवशी मालक काळी बाहुली आणायला विसरला. कुणीतरी म्हणालं, "विकत कामून आणायची? ही हाय की!" हिच्या गालांवर चुन्याचे टिपके लावले, दारात उभं केलं. सगळे हसले. स्लॅब ओतून होईपर्यंत उभी होती.

"जाग्यावरून हलायचं न्हाई म्हणले. माशा बसायल्यात, तरी न्हाई हलले."

मग सगळ्यात शेवटी, "माझी आई बी हसली गं. मालकासमोर काय करंल?"

आणि मी तिला प्रतिज्ञा शिकवत होते.

२२ डिसेंबर, सोमवार

अक्कांना सांगितलं. म्हटलं, प्रदर्शन नको. आईला दुखावून कसलं प्रदर्शन!

अक्कांनी हॅटीच्या बाहुलीचा फ्रॉक नीट केला. "तुझ्या आईला विचारलंस?"

नाही विचारलं.

घरी येऊन विचारलं. आई म्हणाली, "कर की तुझं. मला बोलवू नको म्हंजे झालं."

३ जानेवारी २०२६, शनिवार

बाबूलालच्या ऑटोतून खोकी नेली. त्याच्या ऑटोमागे पण एक लटकतेच. खोक्यात डोकावून म्हणाला, "या अल्ला! अक्का, हमारे ऑटो को एक बस है, तुमकू इतने काय को?"

अक्का म्हणाल्या, "तेरी वाली उलटी टंगी है ना? ये सीधी बैठनेवाली हैं."

सकाळी कुणीच आत येईना. दारातून बघायचे आणि जायचे. मी चिठ्ठ्या उगाच सरळ करत राहिले. मग शाळेच्या मुली आल्या – त्यांना कसली भीती! एक सावळी बारकी पोर दोन बाहुल्यांमध्ये उभी राहिली आणि मैत्रिणीला म्हणाली, "ओळख, मी कोणती?" हॉल हसला. पण ते हसणं वेगळं होतं. ती पण हसत होती. मग बायका आल्या, राजपालकाका आले, आणि 'हातात घेऊ नये' सांगत स्वतःच पुढे पुढे करायला लागले!

आई आली नाही.

४ जानेवारी, रविवार

दुपारी आम्ही खोकी भरत होतो. दारात आई. कामाच्याच कपड्यांत, केसांवर सिमेंट.

अक्कांनी खुर्ची दिली, आई बसली नाही. एकेकीसमोर थांबत गेली. खालच्या खणातल्या, त्या हसण्यासाठी बनवलेल्या बाहुल्यांसमोर तिचा चेहरा दगड झाला. मी पुढे जायला लागले, अक्कांनी मनगट धरलं.

मग हॅटीची बाहुली.

"हिचं तोंड कामून असं झालंय?"

"मुके घेऊन घेऊन," अक्का म्हणाल्या. "एका पोरीनं. पुढं म्हातारी झाली तरी."

"काळ्या बाहुलीचे मुके?"

"तिची होती ना."

आईनं हात पदराला पुसले. बाहुली उचलली. उलटी करून पाठीची शिवण बघितली, अंगठ्यानं टाका चाचपला. "चांगलं शिवलंय," म्हणाली. ठेवली आणि निघून गेली.

बाई एवढं चालत आली, एवढंच बोलली. मी खोक्याआड रडले.

८ जानेवारी, गुरुवार

बाबांची मोडकी छत्री सापडत नाही.

१० जानेवारी, शनिवार

सापडली. नुसत्या काड्या!

आईनं बाहुली शिवलीय. छत्रीच्या काळ्या कापडाची. कापूस जुन्या गादीतला, डोळे शर्टाच्या पांढऱ्या बटणांचे. अंगात आईच्या हिरव्या लुगड्याचा फ्रॉक. ओठ लाल दोऱ्याचे, घट्ट भरलेले – झिजायला वेळ लागेल.

फ्रॉकला खिसा आहे.

"खिसा कामून गं?"

"असू दे की. काही तरी ठेवंल त्यात."

अक्कांना लगेच फोन केला. अक्का फोनवर हसत होत्या का रडत होत्या, कळलं नाही. म्हणाल्या, मधला खण रिकामा करते.

११ जानेवारी, रविवार

सकाळी चिठ्ठी लिहिली. सगळ्यांत चांगल्या अक्षरात. 'शिवणारी : सुमनबाई. गाव निंबर्गा.' आईनं दोनदा वाचून घेतली. घडी घातली, बाहुलीच्या खिशात ठेवली.

मी पिशवी उघडली. "दे, अक्का वाट बघायल्यात."

आईनं बाहुली पोटाशी धरली.

"न्हाई देत. माझी हाय."