बाबा, फोटो काढा

गावाच्या शिवेबाहेर, राहुटीतून
१३ डिसेंबर

चि. ऋता हीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. तूही बरी असशील. पुण्यात थंडी पडली असेल, कान झाकत जा. फोनवर तू "जेवलात?" विचारतेस, मी "जेवलो" म्हणतो, मग दोघंही फोन ठेवतो. त्यापेक्षा कागद बरा. शिवाय इथे रेंजच्या नावाने बोंब आहे.

गावपळण सुरू झाली हे तुला कोणी कळवलं की नाही कोण जाणे. देवाचा कौल झाला, नौबत वाजली आणि गाव खाली झाला. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी शिवेबाहेर. चुलीत राखसुद्धा ऊन राहिली नसेल. मागच्या वेळी आपण तिघं होतो. तू झावळ्या ओढून आणल्यास, आईने त्या उलट्या बांधल्या म्हणून मी तिला चिडवलं, आणि पहाटे दव नेमकं माझ्याच डोक्यावर टपकलं. आता आई नाही, तू तिकडे; राहुटीत मी आणि कॅमेऱ्याची बॅग. जागा ऐसपैस आहे. मेली ही जागाच नको वाटते.

कॅमेरा आणला तो तुझ्यामुळे. गेल्या आठवड्यात तुझा मेसेज आला, "बाबा, फोटो काढा." एवढाच. किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, दोन वर्षं घरी न आलेल्या पोरीला तिकडे बसून कळलं, बाप हात बांधून बसलाय ते. कोणीतरी तुझ्या कानावर घातलं असणार.

झालंय असं, की माझ्या हाताचं नाव खराब झालंय. एके काळी काय होतं तुला आठवतं. पोरीच्या सोयरिकीचा फोटो काढायचा तर परशुरामाकडे, त्याच्या हाताला गुण आहे, फोटो गेला की स्थळ आलंच. चार कोसांवरून लोक यायचे. आता पोरी मोबाइलवर स्वतःचे स्वतः काढतात, तोंड बदकासारखं करून. राहिले म्हातारे. त्यांची मुलं म्हणायला लागली, काका, आयचो एक बरो फोटो काढून ठेवा, पुढे लागतलो. मी काढले. राधाबाईचा काढला, ती गेली. तिच्या दिराचा काढला, तोही गेला. झालं! परशुरामाने फोटो काढला की माणूस वर्ष काढत नाही. अगो, राधाबाई ब्याण्णव वर्षांची होती! तिने वर्ष काढलं नाही यात माझ्या बोटाचा काय संबंध? पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार. आता मी समोरून आलो की म्हातारे छत्री उघडतात. ऊन नसलं तरी.

असो. काल सकाळी बॅग उघडली. सगळा गाव रिकामटेकडा बसलेला, धूर, कोवळं ऊन, असा मोका वर्षानुवर्षं मिळत नाही. पण राहुट्या फिरलो तर कोणाला चूल पेटवायची घाई, कोणाची म्हैस सुटलेली. "मागीर काढूया, काका." ते नंतर कधी येणार नाही, मला कळत नाही थोडंच?

शेवटी काशीबाईने हाक मारली. आपल्या वाडीतली, तुला लहानपणी बोरं द्यायची ती. राहुटीच्या तोंडाशी पाय पसरून बसली होती. म्हणाली, "परशा, माझो काढ."

तिची सून सारिका आतून धावत आली. "नको गो आये! परशुकाकांच्या हातान नको."

"तू गप रव गो. नव्वदी इली माझी. मेलंय तर मेलंय. निदान भिंतीर तरी बरी दिसतलंय."

मग मी कामाला लागलो. झावळ्यांतून ऊन गळत होतं, तिच्या तोंडावर पट्टेच पट्टे. असा फोटो काढला तर बाई बाजल्यावर झोपून उठल्यासारखी दिसते. मी वाळत घातलेलं माझं धोतर तिच्या डोक्यावरच्या झावळ्यांवर पसरलं, ऊन एकदम मऊ झालं. दुसरीकडून पांढरा पंचा सारिकाच्या हातात दिला आणि म्हटलं, आयेच्या गालाजवळ धर. पूर्वी तू थर्माकोल धरायचीस तसा. गालाखालची काळी सावली गेली, सुरकुत्या सगळ्या राहिल्या पण चांगल्या दिसायला लागल्या. सारिका तोंड फिरवून उभी होती, पंचा मात्र नीट धरला होता.

काशीबाई काही केल्या सैल होईना, पोस्टातल्या शिक्क्यासारखी ताठ. तेव्हा आपला जुना इलाज काढला. म्हटलं, "काशीबाय, म्हण, चिंगळी." तुला आठवतं ना? कोळंबीचीच दोन नावं, पण सुंगटं म्हटलं की ओठांचा चंबू होतो, चिंगळी म्हटलं की आपोआप हसू येतं. ती म्हणाली, "चिंगळी खंय आसत? घेवन ये मेल्या, तिखला करतंय!" आणि जी हसली! मी तेव्हा बटण दाबलं नाही. हसून झाल्यावर श्वास सोडताना माणूस एक क्षण स्वतःचा असतो, तेव्हा दाबलं. चांगला आला आहे. डोळ्यात राहुटीचं तोंड पांढरं चमकतंय.

एवढंच सांगायचं होतं. तू म्हणालीस म्हणून काढला. तुझ्या शब्दाने बळ आलं.

मधे गोव्याला जाऊन आलो. सहजच.

उद्या-परवा देवाने कौल दिला की गावात जाऊ. तुला रजा मिळते का बघ. जबरदस्ती नाही.

तुझे
बाबा


स्टुडिओ, दुपार
११ जानेवारी

चि. ऋता,

आशीर्वाद.

पत्र पोचल्यावर तुझा फोन आला तो ऐकून मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. "बाबा, मी शोकेसमधला फोटो काढा म्हटलं होतं! शोकेसमधला!" आणि मग तू रडलीस.

अगो, मराठीत काय शब्दांचा दुष्काळ पडला होता? उतरवा म्हणायचं, आत ठेवा म्हणायचं. जन्मभर फोटो काढणाऱ्या बापाला पोरीने "फोटो काढा" म्हटलं, तर बाप दुसरं काय समजणार? आणि मी मूर्ख, तो मेसेज जपून ठेवला होता, रोज उघडून वाचत होतो.

आता समजलं. तुझा तो सोयरिकीसाठी काढलेला फोटो. त्याच फोटोवरून ते स्थळ आलं, लग्न झालं आणि मोडलंही. बसमधून उतरून बाजारात शिरलं की पहिली दिसतेस ती तूच, आपल्या दुकानाच्या काचेमागे, जांभळ्या साडीत. त्या पोरीसमोरून चालत घरी यायचं तुझ्याने होत नाही. दोन वर्षं हेच होतं, आणि मला वाटत होतं तुला रजा मिळत नाही.

पण माझंही ऐक. राग आला तर येऊ दे. त्या फोटोत नवरा नाही. तो त्या फोटोत कधीच नव्हता. डावीकडच्या खिडकीचा उजेड आहे, तुझ्या आईने घट्ट घातलेली वेणी आहे, आणि तू मला "बाबा, आवरा हो आता" म्हणालीस त्यानंतरचा श्वास आहे. त्या मेल्याने फोटो बघितला, त्यापलीकडे त्याचा त्यात वाटा नाही. माझ्या हाताने एवढा चांगला फोटो दुसरा झाला नाही. म्हणून तो तिथे आहे. दुकानाची जाहिरात म्हणून नाही. सकाळी शटर वर करतो तेव्हा कोणीतरी घरात असल्यासारखं वाटतं, म्हणून.

बरं, पुढची बातमी. गावपळणीहून परत आलो आणि काशीबाईला ताप भरला. दव बाधलं असेल, वय काय कमी आहे? पण वाडी अशी बघायला लागली माझ्याकडे, की मी दुकानात जाताना मागची वाट धरली. विचारपूस करायला निघालो तर तिच्या बेड्यापर्यंत गेलो आणि फाटकाशीच थांबलो. सारिका अंगणात होती. तिने मला बघितलं आणि आत गेली. मी परत फिरलो. घरी येऊन कॅमेरा कपाटात घातला आणि कपाटाला कुलूप लावलं. इतकी वर्षं लोकांना हसलो गो, खुळे म्हटलं. आणि त्या दिवशी देवाला म्हटलं, म्हातारी वाचू दे, परत बटणाला हात लावणार नाही. म्हणजे मीही त्यातलाच निघालो.

वाचली. उठून बसली, पेज मागितली, वर सुका बांगडा. मला बोलावणं धाडलं. मला वाटलं, आशीर्वाद देते. तर म्हणते, "परशा, फोटोत माझ्यो हनवट्यो दोन दिसतत. एक काढ." बघ, इथेही काढच. मी एवढा हसलो की डोळ्यांत पाणी आलं. हसण्याचंच होतं की कसलं, देव जाणे.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. गोव्याला सहज गेलो नव्हतो. चढण चढताना छातीत दुखायचं. तपासलं तर नळ्या तुंबल्यात म्हणाले, छाती उघडावी लागेल. फेब्रुवारीत दाखल व्हायचं आहे. डॉक्टर सभ्य माणूस, मराठी बोलतो. विचारलं, "घरी कोण असतं?" म्हटलं, मुलगी आहे. "कुठे आहे?" तोंडावर आलं होतं, शोकेसमध्ये. म्हटलं, पुण्याला.

मला भीती वाटते, ऋता. उगाच लपवत नाही. सगळं ठीक होईल असं तो म्हणतो, होईलही. पण या वयात छाती उघडायची म्हणजे एक फोटो तयार हवा. तुला माहीत आहे लोक काय आणतात माझ्याकडे? आधारकार्ड. "ह्याच्यावरसून मोठो करून द्या." आधारकार्डावर माणूस चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. माझंही तसंच आहे. तुला तो भिंतीवर लावायची पाळी आली तर मी भांडायला परत येईन.

म्हणून परवा कपाट उघडलं. निळा शर्ट घातला, खिडकीपाशी स्टूल ठेवलं, समोर कॅमेरा, टायमर लावून येऊन बसलो. लाल दिवा लुकलुकायला लागला. आणि काय झालं सांगू, माझ्याच हाताने लावलेला तो दिवा बघून मला राधाबाई आठवली. मी उठून बाजूला झालो. फोटो निघाला तो रिकाम्या स्टुलाचा. उजेड सुरेख आलाय, बसणाराच नाही.

माझ्या हाताने माझा होणार नाही. दुसऱ्या कोणाच्या हातावर माझा विश्वास नाही. तुझ्या हाताचं नाव अजून कुठे झालेलं नाही, ना चांगलं ना वाईट. मला तोच हात हवा आहे.

तुला येतं सगळं, फक्त विसरली असशील. दुपार कलली की खिडकीतला उजेड मऊ होतो, तेव्हा बसव. स्टूल भिंतीला चिकटवून ठेवू नको, पुढे ओढ, म्हणजे मागचं धूसर होईल. लांबची लेन्स लाव. मोबाइलसारखं तोंडाजवळ येऊन काढलंस तर माझं नाक आधी येईल आणि मी नंतर. कॅमेरा माझ्या डोळ्यांच्या उंचीला धर, वरून काढलास तर म्हातारा गरीब दिसतो. चष्म्यावर चमक आली तर मान जरा खाली घ्यायला सांग. चष्मा काढू नको, चष्म्याशिवाय मला कोणी ओळखणार नाही, मीही नाही. तुझ्या बाजूचा डोळा धारदार हवा, बाकी काही हललं तरी चालेल. त्या डोळ्यात खिडकी दिसली की समज जमलं. थर्माकोल धरायला सारिका येते म्हणालीये. हो, तीच. काशीबाईने पाठवलं असणार.

आणि हसा म्हणू नको. काहीतरी बोल माझ्याशी. फोनवर बोलतो तसं नको, खरं बोल. पुण्यात संध्याकाळी घरी गेल्यावर काय करतेस ते सांग. माझ्यावर चिड, तुला हवं तर. मग मी श्वास सोडेन, तेव्हा दाब.

शोकेसचे स्क्रू सैल करून ठेवलेत. काच सरकते, फ्रेम हाताला येते, पण बाहेर घ्यायला माझा हात पुढे होत नाही. तुला नको तर नको. तू उचल, आत ठेव, पुण्याला ने, फाडलास तरी मी काही म्हणणार नाही. हवं तर मागच्या दाराने ये, काचेतल्या पोरीसमोरून येऊ नको.

तर ये आणि फोटो काढ. तुझा काढ आणि माझा काढ. आधी कुठला, ते तूच ठरव.

निळा शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवलाय. स्टूल खिडकीपाशीच आहे. बसून रवलंय, हलणंय नाय. बेगीन ये गो.

तुझे
बाबा