काकूंची सहाण

नेरे, मंगळवार संध्याकाळ

आजही मीरा दुपारभर झोपली. सात महिन्यांची पोर, एरवी वीस मिनिटांत जागी होणारी. घरमालकीण काकू तिला सांभाळायला लागल्यापासून माझ्या एकाही मीटिंगमध्ये रडलेली नाही. काकू सहाणेवर काहीतरी उगाळून तिला चाटवतात. विचारलं तर म्हणाल्या, "घुटी हाय. आमची समदी पोरं ह्याच्यावरच वाढली. तू तुजं काम कर."

मग सहाण इतक्या घाईने धुऊन का ठेवतात? घुटीने एवढी झोप येते? मघाशी मीराचा हात उचलून सोडला, तर तसाच खाली पडला. सहाण हुंगून पाहिली. नुसता ओला दगड.

उद्या क्लायंटला डेमो आहे, दोन तासांचा. काकूंना परवा विचारेन.