वाया जाऊ नये म्हणून

मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

आज किळसच आली. सासऱ्यांच्या ताटातला भात वाळून चालला आणि ते मोबाइलवर कुठल्यातरी नवरा-बायकोचं भांडण बघत बसलेले. म्हटलं, “मामाजी, जेवून घ्या ना.” तर म्हणतात, “थांब बाई, आजचा डेटा लय बाकी हाये. बारा वाजले का वाया जाते.”

वाया जाते म्हणे! मोबाइल कंपन्यांनी एकमेकींच्या चढाओढीत डेटा मातीमोल केला आणि आमच्याकडे तो संपवणं हेच काम होऊन बसलं.

खोटं कशाला बोलू? सकाळी याच मोबाइलवर हिंगणघाटचा वांग्यांचा भाव बघितला, म्हणून तर दारात येऊन कमी भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्याला परत लावलं. पण तेवढं बघायला असा कितीसा डेटा लागतो? उरलेल्याचं काय करायचं?

नवी सून होते, तेव्हा ताटात चार शितं राहिली म्हणून याच माणसानं मला पाहुण्यांसमोर सुनावलं होतं, “आमच्या घरी टाकत नसतात.”

त्यांचा वाळका भात गाईपुढे टाकून आत आले. मामाजी मोबाइल खाली ठेवत समाधानानं म्हणाले, “घे, पुरा संपवला. जरासाही टाकला नाई.”