फटीतली तार

१० ऑक्टोबर
कुंपण सुरू झालं. पेटीवर हिरवा दिवा आहे आणि तार बसवणाऱ्या मंगेशने फोनवर फोटो बघून सगळं ठीक असल्याची खात्री दिली. मिठबावातल्या या होमस्टेवर मी नुकतीच रुजू झालेय. पाहुणे दिवाळीत येतील, तोवर मी, माझा कुत्रा टिपू आणि हापूसची बाग. बागेभोवती जमिनीखाली तार पुरलीय. टिपू तिच्याजवळ गेला की गळ्यातला पट्टा वाजतो, आणखी पुढे गेला तर बारीक झटका बसतो.

शेजारच्या यशोदाकाकू बघायला आल्या. म्हणाल्या, कुत्र्याक मंगळसूत्र घातलंस गो? पण टिपू बाहेर जाता कामा नये. काकूंच्या भातात रानडुकरांसाठी फासक्या, तारेचे फास, लावल्यात. काढाल का विचारलं, तर म्हणाल्या, मगे माझा भात तू राखतलंस?

जाताना बागेच्या दगडी गडग्यातल्या फटीपाशी थांबल्या. ती राखणदाराची, जागेची राखण करणाऱ्या देवाची वाट, म्हणून कुणी बुजवत नाही. वर्षातून एकदा तिथे नारळ ठेवतात. मी म्हटलं, बुजवली कुठे, तार जमिनीखाली आहे, दिसतसुद्धा नाही.

तुका दिसणा नाय, तेका दिसता, म्हणाल्या.

१२ ऑक्टोबर
लाल दिवा. पेटी सारखी ओरडतेय. सकाळभर छोटा रेडिओ घेऊन तारेवरून चालले. खरखर थांबते तिथे तार तुटलेली. फटीतच. जोडली.

१३ ऑक्टोबर
पुन्हा तीच जागा. मंगेश म्हणतो, उंदीर. उंदीर कुरतडतो, ही तार ताणून ताणून केसासारखी बारीक झालीय. काकू म्हणतात, फट मोकळी सोड. सोडली तर टिपू तिथूनच फासक्यांत जाईल. वैताग आलाय.

१५ ऑक्टोबर
कालही तुटली. आज दिवेलागणीला तार पाइपात घालून वर काँक्रीट ओतलं. आता तोड म्हणावं.

१६ ऑक्टोबर
तार टिकली. काकूंनी काँक्रीट बघितलं आणि हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. कधी घातलंस, एवढंच विचारलं. सांगितलं.

तो तिनसांजेक भुतूर येता, सकाळी भायर जाता, म्हणाल्या. मगे आता खंयसून जातलो?

१७ ऑक्टोबर
टिपूचा पट्टा स्वयंपाकघरात वाजतोय. तार इथून कितीतरी लांब. मंगेश म्हणतो, बॅटरी बदला. बदलली. शेवटी काढूनच टाकली, पट्टा खुंटीला टांगला—
वाजतोय. थांबतो, पुन्हा वाजतो. कुणी जवळ येऊन लांब जावं तसा.

१८ ऑक्टोबर
काँक्रीट फोडायला गेले. फटीत पाऊल टाकलं आणि गळ्याला झटका. माझ्या. गळ्यात काही नसताना—
फाटकातही तेच.
पेटीचा प्लग काढला. हिरवा दिवा तसाच.

काकूंना फोन केला. बाहेरून फोडते म्हणाल्या, पहार घेऊन निघाल्यात. कुत्र्याक धरून बस, दार उघडू नको. इतके दिस कोंडलेलो, मोकळ्या हातान जावचो नाय.

बसलेय. टिपू मांडीवर. पहारीचे घाव ऐकू येतायत. आता फुटेल—

फुटलं. पट्टा गप्प झाला.
टिपू उठला. शेपूट हलवत, कुणाच्या तरी पायाशी चालावं तसा अंगणातून फटीकडे—
दार मी लावलं होतं, आता सताड उघडं. पट्टा खुंटीलाच. पलीकडे फासक्या—
टिपू—