आत्याबाईंची पत्रं

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रश्नावली पाठवली. बावीस प्रश्न. गिऱ्हाइकं वैतागतात. "अहो, पानभर मजकूर हवाय, चौकशी समिती नको," असं गादीवाला म्हणाला होता. पण मजकूर हातात पडल्यावर त्यानेच मेव्हण्याचं कामही पाठवलं. वर्तमानपत्र सोडून सहा वर्षं झाली, घरून जाहिराती लिहिते, अजून एकही मजकूर परत आलेला नाही. स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेते — दुसरं आहे कोण घरात!

या नव्या गृहस्थाने बावीसच्या बावीस उत्तरं तासाभरात दिली. काम वेगळंच आहे. त्याची आत्या म्हातारी, कानाने ठार बहिरी. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे याचा काका, परदेशी. फोनवर बोलणं शक्य नाही, म्हणून बारा वर्षं दर आठवड्याला दोघांचं ईमेलवर पत्र. आता आत्याबाईंचा हात थरथरतो, टाईप होत नाही. पत्र चुकलं की काका कासावीस होतात. तेव्हा पत्र मी लिहायचं, आत्याबाईंच्या आवाजात. पाठवणार तो. नमुन्याला जुनी चाळीस पत्रं आलीत.

फोनवर आवाज इतका मऊ की मी त्याचं नाव सौम्यराव ठेवलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चाळीस पत्रं दोनदा वाचली. बाई भारी आहेत. साठीच्या भावाला "धाकट्या" म्हणतात. भावजयीला दर पत्रात एक टोमणा, तोही असा की तिला राग धरता येऊ नये. मीटर बघायला आलेल्या माणसाला बसवून घेऊन तासभर गप्पा मारतात, ऐकू येत नसलं तरी. एका पत्रात लिहिलंय — "तुझं ते कुत्रं बांधून ठेव, तरच येईन. लहानपणी एका मेल्या कुत्र्याने माझ्या पिंढरीचा लचका तोडला होता, मी विसरले नाही." अशी गोष्ट मी कुठेतरी टिपून ठेवतेच.

पहिलं पत्र दिलं. सौम्यरावांचं उत्तर एका शब्दाचं : "हुबेहूब." दिवसभर हवेत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरं पत्र. नमुन्यातून आवाज मिळतो, जीव मिळत नाही. जीव मी आपल्या घरातून घालते. ही माझी जुनी युक्ती, पदरचं मीठ. म्हणून आत्याबाईंच्या घरात माझं मागचं दार गेलं, लाथ मारल्याशिवाय न लागणारं. वरच्या मजल्यावरचे शेजारी गेले, जे एप्रिलपर्यंत गावाला आहेत. स्वयंपाकघराचा आटलेला पडदाही गेला.

"हे सगळं सुचतं कुठून तुम्हाला?" सौम्यरावांनी फोन करून विचारलं. म्हटलं, सुचायचं काय त्यात, माझंच घर आहे ते. खूप हसले. मग माझीही जीभ सैल सुटली. सांगून बसले की मी आणि ताईसुद्धा अशाच. फोनवर बोललो की तिसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून रोज दोन ओळी लिहितो, तेवढ्यावर भागवतो. "म्हणजे तुम्हाला आत्या कळणारच," म्हणाले.

पुढे आणखी काम निघेल, दुसरं कोणी विश्वासाचं आहे का, असंही विचारलं. मी चष्मिसचं नाव दिलं. पेपरात शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासायची, आता तीही घरून लिहिते. तिचं भलं झालं तर बरंच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसरं पत्र दिलं. सौम्यरावांनी काकांचं उत्तर वाचायला पाठवलं. "अक्का, ते मागचं दार आधी दुरुस्त करून घे. तू एकटी, मला इथे झोप येत नाही."

माझ्या दारापायी त्या म्हाताऱ्याची झोप उडालीय. लाज वाटली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

या वेळची सूचना : "यंदा येऊ नकोस, असं लिहा. काकांना पटेल असं."

मी म्हटलं, एकदा आत्याबाईंना भेटू द्या, दहाच मिनिटं, आवाज आणखी पक्का होईल. झोपल्यात म्हणाले. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. दुपारी विचारलं तर, बरं नाही. संध्याकाळी, परक्या माणसाला घाबरतात. मीटरवाल्याला तास तास बसवणारी बाई मला घाबरते होय?

पण पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं. "गुडघा तुझा, प्रवास लांबचा, मी काही पळून जात नाही." गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही, ही खोड एक दिवस मला भोवणार आहे.

४ मार्च, मंगळवार

जाऊन आले. जुन्या पत्रांत होतंच सगळं — पाण्याच्या टाकीमागची गल्ली, समोर शिंप्याचं दुकान. घर सापडायला पाच मिनिटं लागली. खिडक्या बंद. कठड्यावरच्या कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्यात. गेल्याच पत्रात मी त्यांना पाणी घातलं होतं.

शिंप्याला विचारलं. "आजी होय? त्या गेल्या की भावाकडे, परदेशी. जानेवारीच्या अखेरीलाच. भाच्याने सांगितलं." मग मशीन थांबवून म्हणाला, "मला न सांगता गेल्या, जरा लागलंच मनाला. आणि हा बघा, गरम कोट. अस्तर बदलायला टाकला होता, तो इथेच. तिकडे तर कडाक्याची थंडी ना हो?"

कोट करड्या रंगाचा. खिशाला चिठ्ठी टाचलेली, "गुरुवारी नेणार".

गल्लीला वाटतं त्या भावाकडे आहेत. भावाला वाटतं त्या इथे आहेत. आणि भावाला तसं वाटतं ते माझ्या चार पत्रांमुळे. आत्याबाई जिवंत आहेत का, एवढंच डोक्यात फिरतंय.

५ मार्च, बुधवार

चौकीच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. चारही पत्रं माझ्या हातची. पहिला प्रश्न मलाच विचारतील. भित्री आहे मी, झालं.

काकांचा पत्ता माझ्याकडे नाही. उत्तरं येतात तीही पत्ता पुसून. त्यांच्यापर्यंत जायची एकच वाट आहे, पुढचं पत्र.

७ मार्च, शुक्रवार

सहा वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम चुकीचं लिहिलं. तीन वेळा खोडलं, चौथ्यांदा ठेवलं. "गल्लीतलं एक कुत्रं हल्ली माझ्या पायाशीच निजतं. फार लळा लागलाय रे धाकट्या."

भाच्याच्या नजरेतून सुटेल. भावाच्या नाही सुटणार. पहिल्या विमानाने येईल तो.

देवा, सुटू दे.

८ मार्च, शनिवार

सौम्यरावांचं उत्तर. जसंच्या तसं उतरवते :

"पत्र पाठवलं. कुत्र्याची ओळ काढली. तुमच्याकडून अशी चूक होत नाही, तब्येत बरी आहे ना? शिंपी म्हणत होता, कोणी बाई आत्याची चौकशी करत होत्या. यापुढे आत्याची पत्रं नकोत. तुम्ही फार छान लिहिता. तुमचं घर तर आता मला पाठ झालंय."

दिवसभर खुर्चीतून उठले नाही.

१० मार्च, सोमवार

ताईला लिहिलं, शुक्रवारी येते, चार दिवस राहीन. तिचं उलट उत्तर, "काय गं, काय झालं?" म्हटलं, काही नाही, सहज. "सहज येणाऱ्यातली तू नव्हेस. ये. मी स्टँडवर येते." पोचल्यावर तिला सगळं सांगायचं. तिला बरोबर घेऊन चौकीत जायचं, चाळीस जुनी पत्रं आणि माझी पाच टेबलावर ठेवायची. मग मला धरायचं तर धरू देत.

मागच्या दाराचं सुताराला सांगितलंय. बुधवारी येतो म्हणाला.

१२ मार्च, बुधवार

बाजारातून आले. मागचं दार लाथ न मारता लागलं. कड छान तासलीय, उंबऱ्याशी भुसाही आहे. सुताराला फोन करून म्हटलं, काम झकास केलंत. तो म्हणाला, "ताई, मी अजून आलोच नाही. आज जमत नाही, हेच सांगणार होतो."

टेबलावर काही हललेलं नाही. लॅपटॉप मात्र उघडा होता. मी उघडा ठेवून गेले होते का? आठवत नाही. खरंच आठवत नाही.

बॅग भरली. पुढचं दार आतून लावून, त्याला खुर्ची टेकवून बसलेय. मागच्या दाराला कपाट सरकवलं. उद्याचा दिवस काढायचा, परवा पहाटेची गाडी.

१३ मार्च, गुरुवार

चष्मिसचा फोन. खुशीत होती. माझ्यामुळे नवं काम मिळालं, गृहस्थ फार सौम्य बोलतात, म्हणाली. एका बाईच्या नावाने तिच्या थोरल्या बहिणीला रोज दोन ओळी लिहायच्या. "अगदी तुझ्यासारखी लिहिते गं ती, मधेमधे रेघा मारत." कधीपासून, विचारलं. "अगं, पहिलं आज सकाळीच दिलं, लगेच पसंत पडलं. ऐक — 'ताई, उद्याचं येणं जमत नाही. स्टँडवर येऊ नकोस.'"