लिसकॅरा येथील गढीची नोंद नकाशावरून वगळू नये

दि. २७ एप्रिल १९९८

प्रति,
मा. स्मारक अधिकारी,
जिल्हा कार्यालय

विषय: आमच्या कुरणातील गोल गढीची (प्राचीन वर्तुळाकार मातीच्या बांधाची) नोंद कायम ठेवून माझा जबाब रद्द करण्याबाबत.
संदर्भ: माझा भाऊ फिन्टन हेवर्टी याचा नोंद वगळण्याचा अर्ज, दि. १८ मार्च.

महोदय,

३ मार्चला आमची लाल गाय व्याली. वडिलांनी, मालाकी हेवर्टी यांनी, रिवाजाप्रमाणे पहिला चीक गढीच्या मातीच्या बांधावर, काटेझाडाच्या मुळाशी ओतला. तिथे राहतात असे मानल्या जाणाऱ्या अदृश्य लोकांना ते नावाने संबोधत नसत; ‘ती मंडळी’ म्हणत. फिन्टन म्हणाला, “सोबत बिस्किटंही द्या की, बाबा.” वडील म्हणाले, “हसून घे. हात मात्र लावू नकोस.”

दुसऱ्या दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला.

ते रुग्णालयात असताना फिन्टनने एक जबाब माझ्यापुढे ठेवला: ‘ही गढी आजोबांच्या काळीच सपाट झाली, आज तिथे काही नाही.’ तो म्हणाला, “तुझा कुठे विश्वास आहे असल्या गोष्टींवर? एवढी पुस्तकं वाचतेस. नुसता कागद आहे, ब्रीज. बाबा असेपर्यंत मी तिथे कुदळही लावणार नाही.” मी सही केली. त्या दिवशी गढी उभी होती, झाडाला कळ्या होत्या.

दोनच दिवसांनी खोदयंत्र आले. आमच्या गावातला एकही चालक या कामाला तयार झाला नाही, म्हणून दोन जिल्हे ओलांडून माणूस आणला होता. झाडाला हात लावायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

आता त्या जागी गवताचे बी पेरले आहे. आपण नोंद वगळलीत, तर माझा जबाब कायमचा खरा ठरेल. त्या मंडळींवर माझा आजही विश्वास नाही. परंतु माझे वडील एकाहत्तर वर्षे त्या बांधाला वळसा घालून चालले, आणि त्याचा पुरावा आता आपल्या नकाशावरील एक वर्तुळ एवढाच आहे. सोबत १९६१ चे छायाचित्र जोडले आहे. बांधाबाहेर टोपी काढून उभे आहेत ते वडील.

मार्चअखेर दुसरी गाय व्याली. वडील रोज विचारत, “चीक ओतलास ना?” मी म्हणे, “ओतला, बाबा.” ९ एप्रिलला ते गेले.

आपल्याला लिहिण्याआधी आज सकाळी मी त्या सपाट जागेवर उभी राहून मोठ्याने बोलले. तेच शब्द माझा नवा जबाब म्हणून नोंदवून घ्यावेत:

“बाबा, चीक मी मोरीत ओतला. गढी तेव्हा उरलीच नव्हती. आणि ती उभी असताना, ती नाही असं मीच लिहून दिलं होतं.”

या वेळी खरे लिहिणारी,
ब्रीज हेवर्टी